जोडाक्षर

भेकराईनगर डेपोत पहाटे उभी होती,
धुतलेली, ओल्या अंगाची,
अठरा मीटर.
बैलाचे दात बघावेत
तसे आम्ही तिचे टायर बघितले.
दस्तगीर म्हणाला, अजगर.
स्टोअरचा पांगारे म्हणाला, बाजाची पेटी,
आणि मधल्या काळ्या भात्याला
बोट लावून बघितलं त्यानं, सूर निघतो का.
निघाला नाही.

मला तिसरीतल्या बाई आठवल्या,
'त'चा पाय मोडून
त्याला 'य'ला टेकवणाऱ्या.
म्हणायच्या, जोडाक्षरात मध्ये श्वास घ्यायचा नाही.

दहा दिवस यार्डात तेलाचे रिकामे डबे मांडून
त्यांच्यामधून वळायला शिकवलं.
बावीस वर्षांची सर्व्हिस माझी,
तरी साहेब सांगत होते,
"तुम्ही वळलात म्हणजे बस वळली, असं नाही.
मागच्याला वेळ द्या."
दोन डबे पडले. तिसरा चेपला.
त्याचा आवाज मागून आला, उशिरा,
दुसऱ्या कुणाची चूक असल्यासारखा.

पहिली फेरी कात्रज.
गाडीतळावर एक आजोबा
पायरीवर पाय ठेवून थांबले:
"हा मागचा डबापण कात्रजलाच जातो ना?"
रेवती खुटवड, कंडक्टर, तिकीट फाडता फाडता म्हणाली,
"नाही काका, तो मागाहून येतो."
पुढची अर्धी बस लगेच हसली,
मागची, गोष्ट पोचल्यावर.

स्वारगेटला डावीकडे घेताना
गोल पत्र्यावर डब्यांची पिशवी घेऊन
एक बाई उभी होती.
तिचा एक पाय सातारा रस्त्याला लागला,
दुसरा अजून शंकरशेठ रस्त्यावरच.
"अगं बाई," एवढंच म्हणाली
आणि अनोळखी माणसाची बाही धरली.

तेवढ्यात हेल्मेट कोपरात अडकवलेला एक जण
वळणाच्या पोटात घुसला.
रेवतीची एक घंटी.
मी थांबलो.
अख्ख्या चौकानं माझ्या घराण्याचा उद्धार केला.
मी हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो
आणि डाव्या आरशात बघितलं
तर माझीच बस मला दिसली,
शेजारून चाललेल्या परक्या बससारखी,
खिडक्यांत ओळीनं माणसं.
एक पोरगं काचेला नाक लावून
हात हलवत होतं. कुणाला?
पुढच्या बसला. आपल्याच.
सरळ रस्त्यावर हे दिसत नाही.
तिथं मागच्यांना पुढच्यांची पाठ दिसते फक्त,
आणि पुढच्यांना काहीच नाही.

स्कूटरवाला निघाला, शिवी देऊन.
दोन घंट्या.
मी हळू सोडली.
भाता एका अंगानं मिटत,
दुसऱ्या अंगानं उलगडत गेला,
बाईचे दोन्ही पाय एका रस्त्यावर आले,
तिनं बाही सोडली, सुरकुती हातानं नीट केली.
आरशातून पोरगं पुसलं गेलं.

"लक्ष्मीनारायण कुणी आहे का?"
रेवतीचा आवाज मागच्या दारातून
पुढं यायला वेळ लागला.
मी ब्रेकवर पाय ठेवून वाट बघत राहिलो.
आहे, आहे, कुणीतरी म्हणालं,
थांबा.