पारोशी

गुरुवारी रात्री जुमाना गाडी लावते
महबूलाच्या किनाऱ्याला, पेट्रोल पंपाच्या मागं.
महबूला म्हणजे वेडी. वस्तीचं नावच ते,
आम्हाला बोल लावायचं कारण नाही.
काचा वर, एसी दोनवर.
एकवर घाम फुटतो, तीनवर गाणं बुडतं.

बातमी आधी मारिबेलकडं असते.
दिवसभर सलूनमध्ये दुसऱ्यांचे केस धुते, तरी कशी, देव जाणे.
रीम दबाकनं कंपनी सोडली.
रीम दबाकनं ड्रमरला काढून टाकलं.
आता सगळं एकटीच रेकॉर्ड करणार, अम्मानच्या बाथरुमात,
तिथं आवाज छान घुमतो म्हणे.
"खोटं," जुमाना म्हणते, "अम्मानला पाणी आठवड्यातून एकदा येतं.
बाथरुमात सगळ्या बादल्या. घुमेल कुठं?"
ती तिथलीच, त्यामुळं ऐकून घ्यावं लागतं.

क्लेमेंट फहाहीलला पाइपांचे सांधे विकतो.
मंगळूरला असताना चर्चच्या पोरांत बास वाजवायचा,
म्हणून त्याला मत असतं.
दुसरा अल्बम त्याच्या घशाखाली उतरत नाही.
"पहिल्यात ती चुकत होती.
दुसऱ्यात कुणीतरी तिला फडक्यानं पुसून ठेवलंय."
मारिबेल म्हणते, चुकायची हौस तुम्हा पुरुषांना.
बाई चुकली की तिला दुसरा अल्बम मिळत नाही.
मग बराच वेळ कुणी बोलत नाही,
फक्त तीस नंबरच्या हायवेचा घों घों.

आमच्यापैकी कुणीच तिला समोर गाताना पाहिलेलं नाही.
मार्चमध्ये इस्तंबूलला कार्यक्रम होता.
सुट्टी मारिबेलला मिळाली, व्हिसा मला,
पैसे क्लेमेंटकडं होते.
तिघांचं मिळून एक माणूस गेलं असतं.

गेल्या गुरुवारी मारिबेल म्हणाली, "हे तुझ्यासाठी."
इचलकरंजीची पोरगी. कादंबरी हुल्ले.
एक गिटार, आणि मागं यंत्रमाग,
मुद्दाम घेतलेला की शेजारी बंदच होत नव्हता, कळेना.
माझं गाव तिथून एका घटकेवर,
आणि मला ही फिलिपिन्सच्या बाईकडून कळावी!
मी पटकन म्हणाले, "सुरात नाही."
तिघांनी माझ्याकडं असं पाहिलं
की मी सीटबेल्टशी खेळत बसले.
खरं म्हणजे ती सुरात होती.
आमच्या घरी भांडी घासताना जसं बोलतात
तसंच्या तसं गाण्यात ऐकायची
मला सवय नव्हती.

*पारोशीच बसले मी*
*कुणी हाक मारू नका*

"पारोशी म्हणजे?"
अंघोळ न केलेली.
"घाणेरडी?" नाही.
"आळशी?" नाही गं.
सकाळी उठल्यावर, अजून पाणी अंगावर पडायच्या आधीची.
तशा अंगानं देवाला शिवायचं नसतं.
"शनिवारची मी," जुमाना म्हणाली.
क्लेमेंट म्हणाला, अजून जुळवून न घेतलेली तार.
मी म्हटलं, हे बघा,
जुलैत आपल्या नळाला उकळतं पाणी येतं की नाही?
मी रात्रीच बादली भरून ठेवते.
सकाळी चौघी रांगेत, माझा नंबर शेवटचा,
तोवर मी खाटेवर बसून असते, तशी.
मारिबेलनं मान डोलावली.
"म्हणजे पाणी निवायची वाट बघणारी."

नाही. तसा अर्थ नाही.
पण मी तो खोडला नाही.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा काचेवर टकटक.
टॉर्च. पोलीस, कोवळा, मिशीही नीट न फुटलेला.
जुमानानं काच खाली केली, आणि समुद्राच्या दमट हवेत
इचलकरंजीचा माग खटाखट बाहेर पडला.
त्यानं विचारलं, हे काय?
"गायिका," तिनं माझ्याकडं बोट केलं, "हिच्या गावची."
इचलकरंजी नि जयसिंगपूर एक नव्हे,
हे सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
त्यानं कडवं संपेपर्यंत टॉर्च खाली धरला.
मग म्हणाला, आवाज कमी करा,
आणि जाता जाता,
ती रागावलीय का?