रुमाल

कॉव्हेन्ट्रीत, शेजारच्या एनिडबाई ट्रँटर
कपाटाचा खालचा खण ओढून दाखवतात:
रुमाल. विल्फचे. इस्त्रीचे, सालवार.

विल्फ कारखान्याच्या रंगखात्यात.
हातात रंगाचं पिस्तूल, तोंडावर फडकं,
आणि दिवसभर जो उडायचा
तो रंग संध्याकाळी नाकातून रुमालात.
"वर्तमानपत्र कशाला?" म्हणतात,
"बाजार मी मोरीत वाचायचे."

पहिले सगळे काळे.
लढाई नुकती संपलेली, पोलाद मोजून मिळायचं,
गाड्या थेट बंदरावर, डॉलर आणायला;
बनवणारे सायकलीवर.

मग एका वसंतात आकाशी निघाला.
साबण लावता लावता हात थांबला, म्हणे:
कुणीतरी, कुठेतरी, हौस करू लागलं होतं.
पाठोपाठ पिस्त्याचा हिरवा, लोण्याचा पिवळा,
आणि गाड्या इतक्या, की विल्फ
झोपेतही मनगट फिरवायचा.

त्र्याहत्तरला हळकुंडी. मग तपकिरी.
तपकिरीच गाडी त्यांनी घेतली, हप्त्यावर,
नेमकी तेल भडकलं त्या महिन्यात.
डावं दार कधी नीट लागलं नाही.
"कुणी बसवलं ते विल्फला ठाऊक होतं.
नाव नाही सांगितलं शेवटपर्यंत."

त्याखाली पांढरे. तेरा.
संपाचे आठवडे.
एकावर मेणबत्तीचा थेंब आहे, तो त्याआधीचा,
वीज मोजून मिळायची तेव्हाचा.
"स्वच्छ रुमाल निघाला
की माझ्या पोटात गोळा यायचा."

ऐंशीनंतर यंत्रांचे हात आले.
गाड्या लाल, गाड्या चंदेरी, मिनिटाला एक,
विल्फ काचेआड दिवे बघत बसलेला
आणि रुमाल कोराच.
"काम आहे की गेलंय,
मला कळायचंच बंद झालं."

कारखाना दोनदा विकला गेला.
तिसऱ्यांदा घेणारं कुणी नव्हतं.
आता तिथे घरं, एक सुपरमार्केट,
आणि एका गल्लीला
त्या न लागणाऱ्या दाराच्या गाडीचं नाव.

शेवटच्या हिवाळ्यात विल्फचा खोकला.
डॉक्टरांनी विचारलं, कफाचा रंग काय?
बाई म्हणाल्या, "कुठल्या सालचा?"

मी कप खाली ठेवते.
खण आत जाताना अडतो.
त्या उठतात, डाव्या बाजूला
गुडघ्याने एकच धक्का देतात,
सवयीने.