कित्ता

बाईंची खुर्ची आता खिडकीशी असते.
बाहेर नॉर्थ डकोटाचा मार्च,
म्हणजे हिवाळाच, फक्त कॅलेंडरचं पान बदललेलं.
गव्हाच्या कोठाराचा मनोरा, रुळांवर रिकाम्या वाघिणी,
आणि पलीकडे आमचं लूथरन चर्च.
राइनहोल्ड गेला तेव्हा तिथली घंटा
त्याच्या वयाइतकी वाजवली, एक्याऐंशी.
बायकोच ती, तिने मोजली.
म्हणाल्या, एक कमी पडली.

मी दर गुरुवारी येतो.
बर्फ लोटायचा ट्रक दारात लावतो, बूट काढतो.
आल्विना डेल्झर बाईंच्या घरात बूट घालून शिरायची हिंमत
चौसष्टाव्या वर्षीही माझ्यात नाही.

उजवा हात त्यांच्या मांडीवर पडून असतो,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
ऑक्टोबरात, वेदीच्या कापडाला इस्त्री करताना गेला तो.
इस्त्री तशीच राहिली.
कापडावर तिचा करपट त्रिकोण.
बाईंना तोच सलतो. हाताचं त्या फारसं बोलत नाहीत.

"वर्नेल, आज कुठलं अक्षर?"
मी वही तिरकी करतो, त्यांनी शिकवली त्याच्या उलट.
"पेन ओढायचं नाही, बाई. ढकलायचं.
आम्ही डावरे ढकलतो."

माझा हा हात, मी सात वर्षांचा असताना,
बाईंनी निळ्या रिबनीने खुर्चीला बांधला होता.
अख्खा हिवाळा.
रागाने नाही, हे आधीच सांगून ठेवतो.
गाठ सैल असायची, केसांत बांधतात तशी.
सुटली की रिबन मीच उचलून त्यांच्याकडे नेऊन द्यायचो.
भिंतीवरच्या चित्रात उजवीकडे मेंढरं होती,
डावीकडे शेरडं.
मी शेरडांकडे बघत बसायचो.
त्यातलं एक हसरं होतं.

रविवारी पापांगीकार म्हणताना
सगळं चर्च एका दमात पुढे निघायचं,
बाई अर्धा शब्द मागे राहायच्या.
"तिची यादी मोठी आहे," राइनहोल्ड म्हणायचा.
तो स्वतः प्रवचनभर झोपे,
गुडघ्याने ढोसलं की आमेन म्हणे, नको तिथे.

डिसेंबरात त्यांनी मला खालचा खण उघडायला लावला.
मेणबत्त्यांची थोटकं, नातवंडांचे पडलेले दात एका डबीत,
रबरबँड, आणि ती रिबन.
निळा रंग उडून दुधाच्या पाण्यासारखा झालेला.
"हा हात सारखा घसरतो. बांध खुर्चीला."
मी बांधला. केसांत बांधतात तसा.
त्या गाठीकडे बघत राहिल्या.
"तपासनीसांनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणता येईल.
पण ते खरं नाही.
मला ते बरोबरच वाटत होतं, वर्नेल.
मी त्यासाठी प्रार्थनाही करायचे."

बाहेर एक मालगाडी गेली, बरीच लांब.
डबे संपेपर्यंत मला काहीतरी सुचायला हवं होतं.
मी म्हटलं, "जीचं शेपूट अजून खाली घ्या."
त्यांनी घेतलं.

आज पहिलं कार्ड.
अकरा नातवंडं, प्रत्येकाच्या वाढदिवसाला
दोन डॉलरची एक कोरी नोट, हा नेम.
कॅरिसा डेन्व्हरला असते. चर्चला जात नाही,
दंडावर गोंदून घेतलाय मासा का काहीतरी.
बाई म्हणतात, मासा चालतो, माशाला आधार आहे.
तिचं नाव सात अक्षरांचं. पाऊण तास लागला.
दोन अक्षरं रेघेखाली घसरली,
एक उलटं आलं आणि तसंच ठेवलं.
खाली "आजी" लिहायला जागा उरली नाही,
तर म्हणाल्या, अक्षरावरून ओळखेल.
मग स्वतःच हसल्या.

तिकीट मी लावलं.
वाकडं लागलं.
बाईंनी चष्मा सरळ करून पाहिलं
आणि काहीही बोलल्या नाहीत,
सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदाच.