सुरी

चिलोए बेटावर जलरंग वाळत नाहीत.
एर्मिनियाने तीन दिवस वाट पाहिली,
चौथ्या दिवशी चर्चचा मनोरा ओघळून
खालच्या होड्यांत जाऊन बसला.
तिने तो तसाच टांगला. म्हणाली,
ओहोटी लागली की निघेल वर.

मग पेस्टल. नातवाला वाटलं, खडू.
त्याने परसात कोंबड्यांच्या शर्यतीची
निळी रेघ आखली.

मग बटाटे काढले, इथलेच,
जांभळे, म्हाताऱ्या बोटांसारखे वाकडे.
शेजारची ओदिलिया म्हणाली, छान आहेत हो उंदीर.
नवऱ्याला समोर बसवलं,
तर दहा मिनिटांत घोरायला लागला;
उघडं तोंड तेवढं जमलं.

तैलरंगांची पेटी पुएर्तो मोंतहून आली बोटीने,
सोबत एक बोथट पातं, लाकडी मुठीचं.
ते हातात घेतलं
आणि मनगटाला काही सांगावं लागलं नाही.
एकतीस वर्षं, पहाटे पाच ते दुपारी दोन,
कारखान्यात
सॅमनच्या पाठीवरून, काट्याला न दुखवता
जशी सुरी जायची, तस्साच
राखाडी रंग कॅनव्हासवरून गेला.

समुद्र झाला.

बेटावर जन्म गेला, पण
कारखान्याला त्या बाजूने खिडकी नव्हती.

आता ती रोज तोच काढते,
कधी पिवळट, कधी नुसता चिखल,
परवाचा तर खरवडूनच टाकला.
रात्री पातं पुसते
आणि सवयीने
बोटं नाकाशी नेते.

टर्पेंटाइन.

पुन्हा एकदा हुंगते,
खात्री करून घेतल्यासारखी.