वजन

पांढऱ्या बुटांच्या त्या प्रचारकानं
मालाडच्या एसी हॉलमध्ये
रेमेतमावशीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं:
विश्वास पुरता असता
तर तुमचा इनास बुडाला नसता.
आणि पावतीपुस्तक पुढे केलं.

मावशीनं डोक्यावरचा हात उचलला,
त्याचा त्याला परत दिला,
उतरलेला बांगडा द्यावा तसा.

म्हणाली, मरियेचाही पोरगा गेला, बाबा,
तिच्या डोळ्यांदेखत, खिळ्यांवर.
तिचा विश्वास किती किलो कमी भरला?
तुझ्या तागडीत घालून सांग.

बसचे पैसे मोजत ती उठली.

मनोरीला, गावठाणातल्या क्रुसाशी
वाऱ्यानं मेणबत्ती तीनदा विझवली.
चौथ्यांदा तिनं काडी ओढली नाही.
नुसती उभी राहिली अंधारात
बोंबलाच्या वासाचे हात जोडून.