बूच

पहिल्याच रात्री मी त्यांचं पाणी सोडून दिलं.

कुणी बजावलं नव्हतं असं नाही.
फुसाएबाई दारात उभ्या राहून काही बोलल्या,
फोनने ते मराठीत असं ऐकवलं:
"आधी तुम्ही. मग आम्ही. पाणी एकच आहे."
मला वाटलं, अध्यात्म असेल.
मी मान डोलावली.

बिडाचा हंडा, माणूस मावेल एवढा,
खाली लाकडांचा जाळ,
पाण्यावर तरंगणारी गोल फळी.
तिच्यावर पाय ठेवून तोल सांभाळायचा
आणि आपल्याच वजनानं तिला तळाशी न्यायचं,
नाहीतर तळवे भाजतात.
साबण, फेस, मळ, सगळं आधी बाहेर, स्टुलावर बसून.
आत फक्त बुडायचं, गळ्यापर्यंत.

निघताना वाटलं,
आपलं उष्टं पाणी दुसऱ्यांसाठी कसं ठेवायचं?
म्हणून चांगल्या घरच्या मुलीसारखं
बूच ओढलं.

गुळगुळत पाणी गेलं अंगणापलीकडच्या कांदापातीत.
माजघरात टीव्हीवरचा बातम्यावाला तेवढा बोलत राहिला.
तोकुजीआजोबा उठले, बूट चढवले, बाहेर गेले.
मग कुऱ्हाड. रात्री साडेनऊला.

मी गादीवर पडून ऐकत होते:
नळाची धार, फुंकणीचा श्वास,
पेंगुळलेल्या कोनात्सूची कुरकुर,
आणि सव्वाबाराला
आजोबांनी पाण्यात उतरताना सोडलेला
लांबलचक "हाऽऽ".
मला वाटलं, उशिरा न्हातात बिचारे.

तिसऱ्या दिवशी कोनात्सूनं चित्र काढून दाखवलं.
वय वर्षं सात, खडू तपकिरी.
एक हंडा. त्याच्यापुढे रांग:
नाक मोठं असलेली मी,
मग आजोबा,
मग एक रिकामा गोल, त्याला नुसते कान,
मग ती स्वतः, सगळ्यात शेवटी आजी.
आणि बुचावर फुली. दोनदा गिरवलेली.

कानवाल्या गोलावर मी बोट ठेवलं.
"ओतोसान," ती म्हणाली. बाबा. "ओकायामा."
तेव्हापासून माझ्या लक्षात येऊ लागलं,
आजोबा न्हाऊन आले की
फुसाएबाई लगेच कोनात्सूला पाठवत नाहीत.
सरपणाची एक ढलपी सरकवतात आत,
चहाचा पेला पुसतात,
तेवढ्या वेळात कुणी एक न्हाऊन निघावा, इतकं थांबतात.

मी माफी मागितली, फोनमधून.
त्यानं काय सांगितलं देव जाणे;
बाई हातातलं पर्सिमन तसंच धरून
मनगटानं तोंड झाकून हसत राहिल्या,
साल सुरीवरून लोंबत होती,
एकसंध, केशरी.

पर्सिमनं दोरीला बांधायला शिकले.
वळचणीखाली दोनशे बारा.
आजोबा रोज एकेक हातात घेऊन दाबत,
लहान मुलाचे गाल तपासावेत तसे.
मला त्यांनी खालची रांग दिली.
एक माझ्याकडून फुटलं. ते त्यांनी खाल्लं.

शेवटच्या रात्री हाक आली नाही.
आजोबा गेले. आले.
ढलपी, पेला.
कोनात्सू गेली, ओले केस घेऊन आली, झोपली.
फुसाएबाई गेल्या.
मी बॅग भरत बसले, घड्या मोडून पुन्हा घालत.
काय चुकलं असेल,
याची यादी करू लागले, ती लांबली.

मग त्या आल्या, गाल लालबुंद, मानेवर वाफ.
काही बोलल्या. मी फोन पुढे केला.
पडद्यावर एवढंच:
"आता तू. बूच तू काढ."
त्या यंत्राला कुठून कळलं कोण जाणे,
आठ दिवसांचं "तुम्ही" त्यानं आजच सोडलं.

पाणी कोमट, जरासं गढूळ.
युझूची एक साल. एक पांढरा केस.
मी फळीवर उभी राहिले,
ती नेहमीपेक्षा सावकाश खाली गेली.
तिघांची ऊब गळ्यापर्यंत आली,
आणि कुणाची तरी, जो आला नव्हता.

बोटांना सुरकुत्या पडल्या तरी बसून होते.
दारावर थाप पडली. आजोबा.
फोन खोलीत राहिला होता,
तरी कळलं:
झोपलीस की काय, असं ते विचारत होते.

"हाऽऽ," मी म्हटलं,
आणि बूच शोधू लागले.