हयातीचा दाखला

सहा महिन्यांनी एकदा ती यायची
कासारीकाठच्या वाटेनं, तांबडं फुटायच्या आत निघून.
वहाणा गावाबाहेर पायात,
कचेरी दिसली की पुन्हा हातात.

मी पेन्शनीचा कारकून. पुढ्यात छापील कागद.
नाव? तानूबाई कोम मसू पोवार.
हयात आहात?
समोर उभी असली तरी विचारावं लागतं.
दुसरं लग्न? न्हाई.
नवरा मयत कुठं?
बसऱ्यात, म्हणायची,
जसं कुणी म्हणावं, बाजारात गेल्यात.

मग अंगठा. मग तीस रुपये, दोनदा मोजून.
जाताना बाहेरच्या उंबराखाली
पदर सारखा करायला गाठोडं खाली ठेवायची
आणि विसरायची.
पहिल्या खेपेला मी खिडकीतून ओरडलो, बाई, तुमचं गाठोडं!
तिनं मागं पाहिलं नाही.
गाठोडं उचलायला एक माणूस उठला,
भिंतीच्या सावलीतून, सावलीच उठावी तसा.

पोराला तालमीत घातलं त्या साली
तो मला जवळून दिसला.
हौद्यातली माती खणायचा.
ताक, हळद, तेल, काव, लिंबं पिळून कालवायचा,
पण खोरं हातात आलं की थांबायचा नाही,
वीतभर पुरे तिथं कमरेएवढं.
अरं, हीर पाडतोस का काय, वस्ताद खेकसायचे.
तो चराच्या काठावरून बघावं तसं
डोकं जरा वर काढून बघायचा
आणि माती परत लोटायचा.
पोरं त्याला माती म्हणूनच हाक मारत.

रात्री कंदिलापाशी कधी बोललाच तर दुसऱ्याचं बोलायचा.
आमच्या वळखीचा एक हुता पल्टणीत.
मूठभर जव मिळायचं दिसाला, मग खेचरं कापली,
ह्यानं खाल्लं न्हाई, मग खाल्लं.
नदी तिथं बी हाय, आपल्या पुरापेक्षा मोठी,
पर तिला कुणी आई म्हणताना ऐकलं न्हाई.
चिखल असा, की बूट ठेवून घेतो, माणूस सोडतो.
मग त्यो एक दिस उठला
आणि चालाय लागला.
कुठं? पोरं विचारत.
तो वात खाली करायचा.

मी जुनी फाईल काढली. काढायला नको होती.
उंची पाच फूट चार. वर्ण सावळा.
डाव्या कानाची पाळी फाटलेली, बैलाचं शिंग.
रणात बेपत्ता. मयत समजावा.

समजावा, हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो.

जिवंत मसू पोवार म्हणजे फरारी,
बेडी, आणि दिलेल्या रुपयांची वसुली.
मेलेला मसू पोवार म्हणजे दरमहा पाच,
त्यात दोन पोरी, एक आंधळी सासू, एक रेडकू.
मला हिशेब येतो. त्यालाही येत होता.
माझी नोकरी सतरा रुपयांची,
भ्यालो नाही असं नाही.
कोरा कागद पुढं ओढला, वर तारीख घातली,
आणि त्याची पुडी करून
चुना बांधला.

माघात तो गेला. खोरं हातात, उभाच बसला म्हणे.
चार पोरांनी उचलला, पाचवा खांदा माझा.
पंचगंगेच्या घाटावर वस्ताद म्हणाले,
ह्याचं खरं नाव कुणाला ठावं हाय?
धूर डोळ्यात गेल्यासारखं करून
मी नदीकडं तोंड केलं.

पुढची तारीख आली. ती आली.
गाठोडं नव्हतं.
नाव सांगितलं. हयात, म्हणाली.
दुसरं लग्न? न्हाई.
नवरा मयत—
माझा टाक शाईत, कुठं हा शब्द अजून तोंडात,
आणि ती हळूच म्हणाली,
दोन शनवार झालं, सायेब.

टाकाचा थेंब रकान्याबाहेर पडला.
टिपकागद दाबला. शेजारी लिहिलं,
बसरा.

अंगठा पुसायला मी तिला चिंधी दिली.
तिनं रुपये दोनदा मोजले,
एक घासलेला होता, तो बदलून मागितला.